पक्षाघातानंतरची सुधारणा : दुरून पाहणे आणि मोजणे
(सुवर्णमहोत्सवी वर्षातील आरोग्यविषयक व्याख्यानाची संहिता)



पक्षाघाताचा झटका येऊन गेलेला माणूस रुग्णालयातून घरी परततो, त्या दिवसापासून भेटायला येणाऱ्या प्रत्येकाच्या तोंडी एकच प्रश्न असतो : "आता कसे काय?" उत्तरही ठरलेले असते : "बरे आहे, सुधारणा आहे." या उत्तरात खोटेपणा नसतो; परंतु माहितीही नसते. पंधरवड्यापूर्वी हात कुठपर्यंत उचलला जात होता आणि आज कुठपर्यंत जातो, खुर्चीवरून उठून चार पावले टाकायला तेव्हा किती वेळ लागत होता आणि आज किती लागतो, याची नोंद घरात कोणाकडेच नसते. ती नोंद घेऊ शकणारा तज्ज्ञ शहरात असतो, आणि शहर दूर असते.

शिरोळ तालुक्यातील एखाद्या गावचे सत्तरीतील आजोबा डोळ्यांपुढे आणावेत. आयुष्य उसाच्या शेतीत गेलेले. डाव्या अंगावरून वारे गेले, मिरजेच्या रुग्णालयात काही दिवस काढले आणि ते घरी आले. फिजिओथेरपिस्टने दर पंधरा दिवसांनी दाखवायला सांगितलेले आहे. दाखवायला नेणे म्हणजे भाड्याची गाडी, मुलाच्या कामाचा एक खाडा, सोबतीला आणखी एक माणूस आणि दोन्ही टोकांना पायऱ्या. तपासणीच्या खोलीत आजोबा पोहोचतात तेव्हा अर्धी शक्ती प्रवासातच खर्च झालेली असते. मग एक फेरी चुकते, मग दुसरी. ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णा-पंचगंगेच्या महापुराने या तालुक्यातील गावेच्या गावे वेढली, आणि मार्च २०२० पासून टाळेबंदीने सारा देशच घरात बसवला. त्या दिवसांत पक्षाघाताचे रुग्ण तपासणीवाचून राहिले, पण त्यांच्या शरीराचे घड्याळ थांबले नव्हते.

हे घड्याळ महत्त्वाचे आहे. डेन्मार्कमधील कोपनहेगन येथील रुग्णांच्या मोठ्या पाहणीचे निष्कर्ष १९९५ साली प्रसिद्ध झाले. त्यात असे आढळले की, दैनंदिन कामे करण्याची जी क्षमता परत येते, ती शंभरातील ९५ रुग्णांच्या बाबतीत साडेबारा आठवड्यांच्या आत परत आलेली असते. यानंतर काहीच सुधारत नाही, असा याचा अर्थ नव्हे. नेटाच्या सरावाने वर्षानंतरही हाताची हालचाल वाढल्याची उदाहरणे वैद्यकशास्त्रात नोंदलेली आहेत. तथापि पहिल्या तीन महिन्यांत गाडी योग्य रुळावर आहे की नाही हे कोणी पाहिले नाही, तर पुढे ती रुळावर आणणे जड जाते. आणि नेमके याच तीन महिन्यांत रुग्ण घरी असतो, तज्ज्ञापासून दूर असतो.

म्हणून दूरस्थ मूल्यमापनाचा विचार पुढे आला. दूरध्वनीवरून, व्हिडिओ कॉलवरून किंवा अंगावर बांधलेल्या यंत्राच्या साहाय्याने रुग्णाची शारीरिक कार्यक्षमता तपासायची, गुण द्यायचे आणि ते पुढच्या वेळच्या गुणांशी ताडून पाहायचे. इथे एक गोष्ट आधीच स्पष्ट केली पाहिजे. तोंड अचानक वाकडे होणे, हात एकाएकी लुळा पडणे, वाचा जाणे ही लक्षणे नव्याने दिसली, तर व्हिडिओ कॉल करीत बसू नये. रक्ताची गुठळी विरघळवण्याच्या औषधासाठी साधारणतः साडेचार तासांचीच मुदत असते. त्या वेळी गाडी काढावी आणि रुग्णालय गाठावे. दुरून मोजण्याचा विषय सुरू होतो तो त्यानंतर, घरी परतल्यावर.

मोजण्याची साधने जुनी आहेत. ग्लासगो येथील डॉ. जॉन रँकिन यांनी १९५७ साली रुग्णाच्या परावलंबित्वाच्या पाच पायऱ्या सांगितल्या. पुढे इतरांनी खाली शून्य आणि वर सहा ही टोके जोडली. शून्य म्हणजे कोणतेही लक्षण नाही, सहा म्हणजे मृत्यू. १९६५ साली अमेरिकेतील मेरीलँड राज्यात डॉ. फ्लॉरेन्स महोनी आणि फिजिओथेरपिस्ट डोरोथिया बार्थेल यांनी दहा कामांची शंभर गुणांची यादी प्रसिद्ध केली : जेवणे, आंघोळ, कपडे घालणे, शौचास जाणे, जिने चढणे इत्यादी. १९७५ साली स्वीडनमधील गोथेनबर्ग येथे फुगल-मायर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हातापायांच्या हालचालींची बारकाईची परीक्षा तयार केली. तीत हाताला ६६ आणि पायाला ३४ असे शंभर गुण ठेवले. प्रत्येक हालचालीला शून्य, एक किंवा दोन. या साऱ्या परीक्षा तयार झाल्या तेव्हा परीक्षक आणि रुग्ण एकाच खोलीत असणार, हे गृहीतच होते.

आता परीक्षक पडद्यापलीकडे गेला आहे. तेव्हा कोणती परीक्षा कानाने होते, कोणती डोळ्याने आणि कोणती हाताशिवाय होतच नाही, हा विवेक करावा लागतो.

रँकिन आणि बार्थेल यांच्या श्रेणी प्रश्न विचारून भरता येतात, म्हणून त्या दूरध्वनीवर चालतात. पण प्रश्न कसा विचारावा याचे शास्त्र आहे. "तुम्हाला स्वतः कपडे घालता येतात का?" असे विचारले की स्वाभिमानी माणूस "येतात" म्हणणारच. "आज सकाळी सदरा कोणी घातला?" असे विचारले की खरे उत्तर मिळते. बार्थेल यादी वापरताना हाच दंडक पाळला जातो : रुग्ण काय करू शकेल ते लिहायचे नाही, तो प्रत्यक्ष काय करतो ते लिहायचे. उजव्या अंगाच्या पक्षाघातात पुष्कळदा वाचेवरही परिणाम झालेला असतो आणि रुग्ण प्रत्येक प्रश्नाला "हो" म्हणतो. अशा वेळी दूरध्वनीवरील उत्तरावर विसंबता येत नाही. मग घरचे माणूस उत्तर देते. घरची माणसे बहुधा रुग्णाची अवस्था तो स्वतः सांगेल त्यापेक्षा अधिक वाईट सांगतात, असे अनेक अभ्यासांत दिसले आहे. सेवा करणाऱ्याच्या थकव्याचा त्यात वाटा असावा. म्हणून उत्तर कोणी दिले, हेही वहीत लिहिलेले बरे.

जाता जाता आणखी एक नोंद. मेरीलँडच्या यादीत जमिनीवर बसणे आणि उठणे नाही. तिथे त्याची गरजच नव्हती. आपल्याकडे पंगत आहे, चटई आहे, गावाकडे भारतीय पद्धतीचे शौचालय आहे, आणि सामायिकासाठी अठ्ठेचाळीस मिनिटे आसनावर बसणारी ज्येष्ठ मंडळी आहेत. शंभरपैकी शंभर गुण मिळवलेले आजोबा जमिनीवरून उठू शकत नसतील, तर त्यांच्या दृष्टीने सुधारणा अपुरीच आहे. विशेष म्हणजे शंभर गुण मिळाले म्हणून माणूस एकटा राहू शकेलच असे नाही, हे या यादीच्या कर्त्यांनीच लिहून ठेवले आहे. तेव्हा यादी भरून झाली तरी जमिनीचा प्रश्न फिजिओथेरपिस्टला वेगळा विचारावा.

डोळ्याने होणारी परीक्षा अधिक बोलकी असते. घरचे सांगतात, "हात डोक्यापर्यंत जातो." व्हिडिओवर तज्ज्ञ पाहतो तेव्हा त्याला दिसते की खांदा कानाकडे वर ओढला जात आहे, कोपर वाकलेलेच आहे आणि धड उलट्या बाजूला झुकले आहे. म्हणजे हात गेला खरा, पण तो शरीराने फेकला. फुगल-मायर परीक्षेत दोन गुण आणि एक गुण यांतला फरक हाच आहे. हा फरक दिसायचा तर कॅमेरा नीट लावला पाहिजे. मोबाइल हातात धरू नये, तो हलतो; स्टुलावर पुस्तकांचा आधार देऊन कमरेच्या उंचीवर ठेवावा. डोक्यापासून पावलांपर्यंत सारे शरीर चौकटीत मावले पाहिजे. पाठीमागे उघडी खिडकी असेल तर रुग्णाची नुसती काळी आकृती दिसते. हाताची परीक्षा एकदा समोरून आणि एकदा बाजूने घ्यावी, कारण धड पुढे झुकलेले समोरून कळत नाही. डाव्या अंगाच्या पक्षाघातात काही रुग्णांचे डाव्या बाजूकडे लक्षच जात नाही. मोबाइल त्यांच्या डावीकडे ठेवला तर समोर कोणी बोलते आहे हेही त्यांना उमगत नाही, आणि घरचे म्हणतात, "ऐकत नाहीत."

स्त्री-रुग्णांचा प्रश्न थोडा निराळा आहे. खांद्याची हालचाल पाहायची तर खांदा दिसला पाहिजे, आणि पदर तो झाकतो. परक्या माणसासमोर, तेही मोबाइलवर, असे बसणे कित्येक आजींना अवघड वाटते. तो संकोच खरा आहे आणि त्याची थट्टा होऊ नये. स्त्री-फिजिओथेरपिस्ट, मोबाइल सांभाळायला सून किंवा लेक, आणि चित्रण साठवले जाणार असेल तर त्याची आधी घेतलेली संमती, एवढे केले की बहुतेक अडचणी सुटतात. ते चित्रण नातेवाइकांच्या समूहावर पाठवू नये, हे सांगावे लागते ही खेदाची बाब आहे.

चालण्याची एक सोपी परीक्षा १९९१ साली कॅनडातून आली. हात असलेल्या खुर्चीवरून उठायचे, तीन मीटर चालायचे, वळायचे, परत यायचे आणि बसायचे. लागलेला वेळ सेकंदांत मोजायचा. वीस सेकंदांच्या आत हे करणारी वृद्ध माणसे बहुधा स्वावलंबी असतात, तीस सेकंदांहून अधिक लागणाऱ्यांना पुष्कळदा मदत लागते, असे ही परीक्षा मांडणाऱ्यांना आढळले. तीन मीटर म्हणजे जवळजवळ दहा फूट. घरात दोन फुटी फरश्या असतील तर पाच फरश्या मोजाव्यात आणि शेवटी रंगीत चिकटपट्टी लावावी. खुर्ची चाकांची नसावी आणि दर वेळी तीच असावी. नेटवर्क रेंगाळते, चित्र मध्येच गोठते, म्हणून सेकंद पलीकडच्या तज्ज्ञाने एकट्याने मोजू नयेत. घरातही कोणीतरी मोजावेत, किंवा सारे चित्रण करून नंतर पाठवावे.

आता हाताशिवाय न होणाऱ्या गोष्टी. स्नायूंचा ताठरपणा किती आहे हे ॲशवर्थ यांच्या श्रेणीने मोजतात. त्यासाठी परीक्षकाने रुग्णाचा सैल सोडलेला हात स्वतः वाकवून विरोध किती जाणवतो हे अनुभवावे लागते. पडद्यावरून ते शक्य नाही. फुगल-मायर परीक्षेतही हाताच्या ६६ पैकी ६ गुण हातोडीने तपासायच्या प्रतिक्षिप्त क्रियांचे आहेत. ते वगळून उरलेल्या ६० गुणांवर दुरून तपासणी करता येते, मात्र मग ६० मधील गुणांची तुलना ६६ मधील गुणांशी करू नये. स्पर्शाची जाणीव, सांध्याची स्थिती कळते की नाही, दुखरा खांदा निखळलेला आहे का, यासाठीही तज्ज्ञाचे बोट लागतेच. दूरस्थ तपासणी म्हणजे स्वस्तातली तपासणी, अशी समजूत करून घेणारे काही असतात. त्यांनी ही यादी ध्यानात ठेवावी. अधूनमधून प्रत्यक्ष फेरी अटळ आहे.

यापेक्षा अवघड अडचण घरातच असते, आणि ती मायेतून येते.

तज्ज्ञ पडद्यावरून सांगतो, "आजोबा, खुर्चीवरून उठा." आजोबा पुढे झुकतात, आणि आजींचा हात नकळत त्यांच्या कोपराखाली जातो. पन्नास वर्षांच्या संसाराची ती सवय आहे. कोणी "घ्या की जोर!" म्हणते, कोणी कमरेला धरते. आजोबा उठतात, सारे आनंदतात, आणि मापन वाया जाते. त्यातून मिळालेला आकडा आजोबा आणि आजी या दोघांचा मिळून असतो. त्यावर विसंबून तज्ज्ञाने व्यायाम वाढवला, तर दुपारी घरात कोणी नसताना आजोबा एकटे उठायला जातील आणि पडतील. वाढत्या वयात मांडीचे हाड मोडणे ही पक्षाघातावरची दुसरी आपत्ती ठरते.

म्हणून मदतनिसाला दोन गोष्टी शिकवाव्या लागतात, आणि त्या एकमेकींच्या विरोधी वाटतात : जवळ राहायचे, पण धरायचे नाही. उभे राहायचे ते दुर्बळ बाजूस, किंचित मागे. हात शरीरापासून वीतभर दूर, तयारीत. तोल गेला तर धरायचे आणि ती परीक्षा बाद समजायची. तपासणीआधी रक्तदाब पाहावा. छातीत दुखणे, चक्कर, धाप यांपैकी काही असेल तर त्या दिवशी परीक्षा नाही. घरात रुग्ण एकटा असेल तर उभ्याने करायची कोणतीही परीक्षा घेऊच नये. तोलाची बर्ग यांची चौदा बाबींची परीक्षा आहे, ५६ गुणांची. तिच्यात एका पायावर उभे राहण्यासारख्या बाबी येतात. अशा बाबी नवख्या मदतनिसाच्या भरवशावर दुरून घेणे धाडसाचे आहे.

मायेची ही ताकद आणि तिची मर्यादा आपल्या देशातच तपासली गेली आहे. भारतातील १४ रुग्णालयांमधील १२५० रुग्णांचा अटेंड या नावाचा अभ्यास २०१७ साली 'लॅन्सेट' या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. निम्म्या रुग्णांच्या नातेवाइकांना घरी व्यायाम आणि सराव करवून घेण्याचे प्रशिक्षण दिले. उरलेल्यांना नेहमीचे उपचार मिळाले. सहा महिन्यांनी मृत्यू किंवा परावलंबित्व यांचे प्रमाण मोजले, तेव्हा ते दोन्ही गटांत सारखेच निघाले : शंभरात ४७. हा निकाल अनेकांना कटू वाटला. कुटुंबाचे कष्ट व्यर्थ असतात असे त्यातून सिद्ध होत नाही. घरच्यांना दिलेले तेवढे प्रशिक्षण पुरेसे नव्हते, इतकेच दिसते. पण कल्पना करावी, मोजणीच झाली नसती तर? प्रत्येक प्रशिक्षित घर छातीवर हात ठेवून सांगत राहिले असते की आमच्या प्रयत्नांनी फरक पडला.

याच्या दुसऱ्या बाजूस २०१९ साली प्रसिद्ध झालेला अमेरिकेतील ११ केंद्रांवरचा अभ्यास आहे. १२४ रुग्णांना हाताच्या व्यायामाची ३६ सत्रे दिली, प्रत्येक सत्र ७० मिनिटांचे. काहींना केंद्रात, काहींना घरी संगणकाच्या पडद्यावरून. फुगल-मायर परीक्षेतील हाताचे गुण केंद्रातील रुग्णांचे सरासरी ८.३६ ने वाढले, घरच्यांचे ७.८६ ने. म्हणजे घरचा उपचार कमी ठरला नाही. तथापि एक बारकावा सहसा सांगितला जात नाही. त्या अभ्यासात उपचार दुरून झाले. अंतिम मोजणी मात्र प्रशिक्षित परीक्षकांनी रुग्णाला प्रत्यक्ष समोर बसवून केली.

तरीही दुरून पाहण्यात एक लाभ असा आहे, जो रुग्णालयातील उत्तम खोलीतही मिळत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २००१ साली स्वीकारलेल्या वर्गीकरणात माणूस काय करू शकतो आणि आपल्या घरी काय करतो, यांत भेद केलेला आहे. तपासणीच्या खोलीत आजोबा डाव्या हाताने पेला उचलून दाखवतात. घरी तो हात मांडीवर पडून असतो, कारण उजव्याने काम लवकर होते, आणि वाट पाहायला कोणाला सवड नसते. असे महिनोन् महिने चालले की न वापरण्याचीच सवय जडते. अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ एडवर्ड ताउब यांनी हे दाखवून दिले आणि चांगला हात बांधून दुर्बळ हाताला कामाला लावण्याची उपचारपद्धती त्यातूनच निघाली. घरातला व्हिडिओ हे न वापरणे पकडतो. जेवताना डावा हात ताटाजवळ तरी येतो का, दार उघडताना पुढे होतो का, हे तिथेच दिसते. दोन्ही मनगटांवर घड्याळासारखी गतिमापक यंत्रे काही दिवस बांधून दोन्ही हातांच्या हालचालींचे प्रमाणही काढता येते. अर्थात चालताना हात आपोआप झुलतो, आणि यंत्र तेही कामच समजते. तेवढी सावधगिरी हवी.

भारतात दूरवैद्यकसेवेची मार्गदर्शक तत्त्वे २५ मार्च २०२० रोजी प्रसिद्ध झाली. ती नोंदणीकृत डॉक्टरांसाठी होती. फिजिओथेरपिस्ट त्यांत थेट येत नव्हते. त्यांच्या व्यवसायाला २०२१ च्या कायद्याने राष्ट्रीय आयोगाची चौकट मिळाली. कायदा आपल्या गतीने चालेल. तोवर गावात फार मोठे काही लागत नाही : समाजाच्या सभागृहातील एक उजेडाची खोली, हातांची एक भक्कम खुर्ची, जमिनीवर तीन मीटरची खूण, मोबाइलसाठी एक तिपाई, रक्तदाबाचे यंत्र, आणि हात आवरून उभे राहायला शिकलेले दोन तरुण. घरात जागा नसलेल्या रुग्णाला तिथे आणणे शहरात नेण्यापेक्षा पुष्कळ सोपे आहे.

आता पुन्हा त्या आजोबांकडे वळावे. समजा, पहिल्या व्हिडिओ तपासणीत त्यांना पाच फरश्या जाऊन यायला २६ सेकंद लागले. सारे खूश झाले. चित्रण पुन्हा पाहताना फिजिओथेरपिस्टला आजींचा हात दिसला, आणि तो आकडा खोडायला सांगितला गेला. आजी थोड्या रागावल्या. पंधरा दिवसांनी नातू डाव्या बाजूस किंचित मागे उभा राहिला, आणि आजी समोर खाटेवर, पदराचे टोक दोन्ही हातांत घट्ट धरून बसल्या. आजोबा दोनदा अर्धवट उठून परत बसले. तिसऱ्या वेळी उठले, चालले, चिकटपट्टीपाशी वळले, आले आणि बसले. ३४ सेकंद. वहीच्या पहिल्या ओळीत तारखेसह तो आकडा लिहिला गेला, आणि त्याखाली : "मदत नाही."